लेखनाचा अभ्यासक्रम घेण्याआधी: मूल सुचण्यात अडतंय की उतरवण्यात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दहा वर्षांचा, जाडजूड पुस्तकं वाचतो, बोलायला लागला की थांबत नाही, पण लिहायला बसवलं की दोन ओळी आणि मग रडारड. मुलगी सात वर्षांची, मराठी अक्षरं जुळवत वाचते, इंग्रजीशी नुकतीच ओळख झाली आहे. दोघांना घरीच शिकवायचं ठरलंय. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, लेखन असं सगळं एकत्र देणारा तयार संच घ्यावा की प्रत्येकाचं वेगळं पुस्तक, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?

सगळ्यात चांगलं कोणतं हे मुलाला बघितल्याशिवाय सांगता येत नाही. कुठलं घेऊ नये हे मात्र बरंचसं सांगता येतं, आणि मुलासाठी एकत्रित संच घेऊ नका असंच मी म्हणेन. हे संच इयत्तेवर बेतलेले असतात. पाचवीचा घेतला की वाचन पाचवीचं, शुद्धलेखन पाचवीचं, निबंधही पाचवीचा. घरी शिकणारं मूल असं सगळ्या बाजूंनी एका इयत्तेत क्वचितच असतं. तुमचा मुलगा वाचनात बहुधा सातवी-आठवीच्या मजकुराला पोचला असेल, शुद्धलेखनात तिसरीत रेंगाळत असेल आणि स्वतःचा परिच्छेद लिहिण्यात त्याच्याही मागे. पाचवीचा संच दिलात तर वाचनाला तो कंटाळेल आणि लेखनाला घाबरेल. खापर पुस्तकावर फुटेल आणि पुढच्या वर्षी तुम्ही दुसरा संच शोधत बसाल.

लिहिताना मूल एकाच वेळी दोन कामं करत असतं. काय म्हणायचं ते सुचून त्याची वाक्यं मनात जुळवायची, आणि ती वाक्यं वेलांट्या, जोडाक्षरं, विरामचिन्हं सांभाळत कागदावर उतरवायची. आपण हे दुसरं काम करतोय याची मोठ्या माणसाला जाणीवही नसते. मुलाचं मात्र ‘विद्यार्थी’मध्ये ‘द्या’ की ‘ध्या’ यात लक्ष गेलं की मनातलं वाक्य निसटतं. म्हणून अभ्यासक्रम निवडण्याआधी एवढंच शोधायचं: मूल सुचण्यात अडतंय की उतरवण्यात? बाजारातली पुस्तकं या दोन अडचणींसाठी वेगवेगळी असतात, पण मुखपृष्ठावर तसं कुणी छापत नाही.

पैसे खर्च करण्याआधी तीन दिवस हे करून बघा. पहिल्या दिवशी त्याला आवडत्या पुस्तकातला एखादा प्रसंग सांगायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. मध्ये काही बोलू नका, ‘मग काय झालं?’ हेसुद्धा नको. दुसऱ्या दिवशी तोच प्रसंग वीस मिनिटांत लिहायला सांगा, आणि शुद्धलेखन तपासणार नाही हे आधीच सांगून ठेवा. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगमधली त्याचीच पाच-सहा वाक्यं सावकाश सांगून त्याच्याकडून लिहून घ्या. मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐका आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.

बोलणं भरघोस, स्वतःचं लेखन दोन ओळी, आणि तिसऱ्या दिवशीचा कागदही चुकांनी भरलेला किंवा हात दुखेपर्यंत रखडलेला, असं दिसलं तर अडचण उतरवण्याची आहे. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. तिसरा कागद स्वच्छ, पण बोलण्यातही ‘मग तो गेला, मग ते आले, मग त्याने सांगितलं’ असं चाललेलं, कोण गेला आणि कुणी सांगितलं याचा पत्ता नाही, तर अडचण मांडणीची. आणि बोलणं छान, तिसरा कागदही छान, तरीही स्वतःच्या दोनच ओळी, तर पुस्तकांच्या दुकानात जाण्याआधी त्याच्या जुन्या वह्या उघडा. लाल शाईचं प्रमाण बघा. दोन ओळींत दोनच चुका होतात, हे गणित मुलांना फार लवकर कळतं.

उतरवण्याची अडचण असेल तर लेखनाचा अभ्यासक्रम यंदा घेऊच नका. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षणतज्ज्ञांची पद्धत घरी शिकवणाऱ्यांमध्ये आजही चालते. अनुलेखन (बघून उतरवणं), श्रुतलेखन (ऐकून लिहिणं) आणि कथन (वाचलेलं आपल्या शब्दांत सांगणं) हे तिचे तीन पाय. तोंडी कथन साधारण सहाव्या वर्षी सुरू होतं आणि लेखी कथन दहाव्या वर्षाच्या आसपास, त्याआधी निबंध मागितला जात नाही. मला यातला सगळ्यात उपयोगी भाग वाटतो तो तयारी करून घेतलेल्या श्रुतलेखनाचा. आपल्याकडचं नेहमीचं श्रुतलेखन ही परीक्षा असते: अनोळखी शब्द घालायचे आणि गुण मोजायचे. इथे उतारा मुलाला आधी दाखवायचा. आपण कुठे अडखळू हे त्यानेच शोधायचं, तो शब्द नीट बघायचा, डोळे मिटून पुन्हा मनात बघायचा. मग तुम्ही एकेक वाक्यखंड एकदाच सांगायचा. शब्द चुकला तर तो डोळ्यांसमोर राहू नये म्हणून त्यावर कागदाचा तुकडा चिकटवावा, असं मेसन सुचवतात. मी तसंच करायला लावते. काट मारलेला शब्दही डोळे वाचतातच.

उतारा निवडताना त्यात नियम आपोआप येईल असं बघा. मराठीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घपणा कानाला फारसा कळत नाही, त्यामुळे ‘नीट ऐकून लिही’ या सल्ल्याचा इथे उपयोग नाही. नियम आणि नजर यांवरच भिस्त ठेवावी लागते. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांपैकी १४ नियम १९६२ चे आणि ४ नियम १९७२ चे; दहा वर्षांच्या मुलाला त्यांतले तीन-चार पुरतात. शब्दाच्या शेवटी अ असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ, आणि विभक्ती लागली की तोच ऱ्हस्व: फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाचा, वकील पण वकिलाने. (गुण, मंदिर, पंडित असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद. ते एकेक करून लक्षात राहतात.) एका आठवड्यात एवढाच नियम. त्या आठवड्यात तपासायचाही तेवढाच, बाकीच्या चुकांकडे कानाडोळा करायचा. हे पालकांना सगळ्यात जड जातं.

आणि सुचण्याचं काम या काळात थांबवायचं नाही. तो बोलेल, तुम्ही लिहाल. यात लबाडी काही नाही. त्याचं वाक्य तुमच्या अक्षरात कागदावर आलं की वाक्य कुठे संपलं, पूर्णविराम कुठे आला, हे तो स्वतःच्या शब्दांवर बघतो. मग त्यातली दोन वाक्यं त्याने उतरवून काढायची, काही आठवड्यांनी चार. त्याचं वाक्य सुधारून मात्र लिहू नका. ‘खूप म्हणजे खूपच भारी’ म्हणाला तर तेच लिहा.

मांडणीची अडचण निघाली तर चित्र बदलतं. आता लेखनाचा अभ्यासक्रम हवा, आणि तो आराखडा देणारा हवा. यातल्या चांगल्या पुस्तकांमागची युक्ती जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन पोरवयात ‘स्पेक्टेटर’ या इंग्लिश नियतकालिकाचा एक सुटा खंड घेऊन बसला होता. त्यातल्या लेखातल्या प्रत्येक वाक्याचा आशय तो दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा, काही दिवस जाऊ द्यायचा, मग फक्त टिपणांवरून लेख पुन्हा लिहायचा आणि मुळाशी ताडून बघायचा. कधी टिपणं मुद्दाम विस्कटून काही आठवड्यांनी ती पुन्हा क्रमाने लावायचा, विचार कसे रचायचे ते कळावं म्हणून. आजच्या पुस्तकांत हेच ‘प्रत्येक वाक्यातून तीन शब्द निवडा’ अशा रूपात येतं. काय लिहायचं हा प्रश्नच उरत नसल्याने कोऱ्या कागदाला घाबरणारी मुलं यात मोकळी होतात.

पण अशा काही अभ्यासक्रमांना एक खोड असते. प्रत्येक परिच्छेदात एक क्रियाविशेषण हवं, एक ‘जो-तो’चं वाक्य हवं, एक उपमा हवी, अशी यादी ते मुलाच्या हातात देतात. पहिले काही महिने ती कामाची असते. पुढे मुलं यादी भरायला लागतात आणि ‘तो हळुवारपणे धाडकन पडला’ अशी वाक्यं येतात. तेव्हा यादी काढून घ्या आणि पुस्तक चालू ठेवा.

वाक्यजोडणी हा व्यायाम मात्र कुठल्याही पुस्तकात असो वा नसो, करा. मुलाला ही चार वाक्यं द्या: कुत्रा म्हातारा होता. तो दारात झोपला होता. पाहुणे आले. त्याने मान वर केली नाही. आता याचं एकच वाक्य करायचं. एक मूल लिहील, ‘दारात झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याने पाहुणे आले तरी मान वर केली नाही.’ दुसरं लिहील, ‘पाहुणे आले, पण दारात झोपलेला कुत्रा इतका म्हातारा होता की त्याने मानही वर केली नाही.’ दोन्ही बरोबर. मग विचारायचं, मान का वर केली नाही याचं कारण कुठल्या वाक्यात सांगितलंय? दुसऱ्यात म्हातारपण हे कारण झालं, पहिल्यात ते नुसतं वर्णन राहिलं. ‘मान’चं ‘मानही’ केल्याने काय फरक पडला? दहा मिनिटांच्या अशा गप्पांत विशेषण, उभयान्वयी अव्यय, गौण वाक्य सगळं येऊन जातं. नावं नंतर सांगितली तरी चालतात.

व्याकरणाच्या पुस्तकाविषयी तुम्ही वेगळं विचारलं नाहीत, पण एकत्रित संचात निम्मी पानं त्याचीच असतात, म्हणून सांगते. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या लेखनविषयक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. लेखनाची रीत पायरीपायरीने शिकवणं, सारांश लिहायला शिकवणं आणि वाक्यजोडणी यांचा लेखनाला स्पष्ट फायदा दिसला. व्याकरण वेगळा विषय म्हणून शिकवण्याचा फायदा तर दिसला नाहीच, परिणाम थोडा उलटाच निघाला. म्हणजे व्याकरण निरुपयोगी असं नाही. दुसरी भाषा शिकताना आणि स्वतःचं वाक्य दुरुस्त करताना ते लागतंच. पण ‘नामाखाली रेघ मारा’ची वर्कबुकं भरून लेखन सुधारेल, या आशेवर पैसे घालू नका. वर्कबुक भरलेलं दिसतं, प्रगती झाल्यासारखं वाटतं, एवढाच त्याचा गुण.

निव्वळ विषय देणारी पुस्तकं तर अजिबात नकोत. रोज एक चमकदार विषय, खाली बारा रिकाम्या ओळी. त्यात शिकवणं काहीच नसतं, नुसतं मागणं असतं. आपल्या ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’वर माझा जुना राग आहे तो यासाठीच. प्राचीन ग्रीक परंपरेत वक्तृत्वाच्या तयारीसाठी चौदा लेखन-व्यायामांची एक चढती शिडी होती. चौथ्या शतकातल्या अफ्थोनियसने लावलेला तिचा क्रम अभिजात पद्धतीचे काही अभ्यासक्रम अजूनही वापरतात. त्यात पहिली पायरी बोधकथा पुन्हा सांगण्याची, दुसरी प्रसंगकथनाची. दुसऱ्याच्या तोंडून बोलण्याचा व्यायाम, म्हणजे आपल्या आत्मवृत्ताच्या जवळचा प्रकार, येतो अकराव्या पायरीवर. आपण तो चौथीतल्या मुलाला देतो आणि ‘पानं पिवळी पडली’च्या पुढे काही आलं नाही म्हणून हिरमुसतो. या शिडीच्या पहिल्या दोन पायऱ्या तुमच्या मुलाला आवडतील असं वाटतं. तीच गोष्ट शेवटाकडून सांगणं, दुष्ट पात्राच्या बाजूने सांगणं, पाच वाक्यांत बसवणं, असले खेळ त्यात असतात. पुढच्या पायऱ्या किशोरवयासाठी ठेवा.

नमुना पानं कशी बघायची याचं थोडं सांगते, कारण बहुतेक जण पहिला धडा बघून ठरवतात आणि पहिला धडा कायमच गोड असतो. मधला धडा बघा, मग शेवटाकडचा. शेवटाकडचा धडा पहिल्यापेक्षा काही जास्त मागतोय का, की नुसते विषय बदललेत? उतारे मोठ्याने वाचा. तुम्हाला कंटाळा आला तर त्यालाही येईल, आणि त्याचीच नक्कल वर्षभर करायची आहे. सगळ्यात महत्त्वाचं, शिक्षक-पुस्तिका उघडा. व्याकरणाची उत्तरं सगळ्यांकडे असतात. मुलाने लिहिलेला कच्चा, विस्कळीत परिच्छेद समोर आला की पालकाने काय म्हणायचं, आधी कुठली एक गोष्ट सुधारायची आणि कुठल्या सोडून द्यायच्या, हे उदाहरणासकट दिलंय का? नसेल तर ते पुस्तक तुम्हाला ऐन गरजेच्या वेळी एकटं सोडणार. मुलाला कुठल्या पातळीचं पुस्तक द्यायचं हे ठरवणाऱ्या प्लेसमेंट टेस्टवर विसंबू नका. त्यात बहुधा व्याकरण आणि शब्दज्ञान तपासतात, लेखन क्वचित. आणि तुमचा रोजचा वेळ खरा किती लागणार ते बघा. दोन मुलं, त्यातलं एक अजून वाचायला शिकतंय, अशा घरात शब्दन् शब्द पालकाने वाचून दाखवायचा कार्यक्रम दोघांसाठी घेतला तर महिनाभरात तो कपाटात जातो. तो एकाच मुलासाठी ठेवा, मुलीसाठी.

कारण तिला खरोखर क्रमवार कार्यक्रमाची गरज आहे. गॉफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचं साधं सूत्र मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असून उत्तर शून्यच. तुमची मुलगी मराठी बोलते-समजते, म्हणजे मराठीत दुसरी बाजू भक्कम आहे आणि फक्त उलगडणं पक्कं करायचंय. त्यासाठी बघायचं एवढंच, की चार अक्षरं शिकवल्यावर पुस्तक लगेच त्याच चार अक्षरांचे शब्द वाचायला देतं का. ग म भ न शिकवलं की मन, नभ, गमन असे शब्द समोर यायला हवेत. जोडाक्षरं आणि रफार यांना पुरेशी पानं आहेत का तेही बघा. घाईने उरकलेला भाग बहुतेक वेळा तोच असतो, आणि अडखळणं तिथेच टिकून राहतं.

इंग्रजीत मात्र दोन्ही बाजू कच्च्या आहेत, आणि फोनिक्सचे, म्हणजे अक्षरं आणि ध्वनी जुळवून वाचायला शिकवणारे, बहुतेक कार्यक्रम इंग्रजी आधीपासून बोलणाऱ्या मुलांसाठी लिहिलेले असतात. ते गृहीत धरतात की ‘शिप’ आणि ‘शीप’ हे दोन वेगळे शब्द मुलाच्या कानाला वेगळे लागतात आणि दोन्हींचा अर्थ त्याला ठाऊक आहे. मराठी कानाला हा फरक शिकवावा लागतो, ‘बेट’ आणि ‘बॅट’चाही. २६ अक्षरं आणि सुमारे ४४ ध्वनी यांचा मेळ घालण्याआधी काही महिने नुसतं ऐकणं-बोलणं होऊ द्या. गोष्टी वाचून दाखवा, गाणी म्हणा, सूचना इंग्रजीत द्या. मग फोनिक्स सुरू केलं तर ती शब्द फोडून वाचेल आणि तो ओळखेलही. नाहीतर घडाघडा वाचते पण अर्थ विचारला की गप्प, अशी अवस्था होते.

मुलासाठीही भाषेचा प्रश्न आहेच. मांडणी यंदा एकाच भाषेत शिकवा, जी जास्त पक्की असेल तिच्यात. दुसऱ्या भाषेत फक्त अनुलेखन आणि श्रुतलेखन. परिच्छेद कसा रचायचा हे एका भाषेत बसलं की दुसरीत बरंचसं आपोआप येतं. दोन्हीकडे एकदम शिकवायला गेलात तर उतरवण्याचा भार दुप्पट होतो.

निवडलेल्या कार्यक्रमाला सात-आठ आठवडे द्या. कुरकुर हे बदलण्याचं कारण नाही. त्याच त्या प्रकारची चूक तेवढीच टिकून राहणं हे आहे. आणि तयारीच्या श्रुतलेखनानंतरही अक्षरांची अदलाबदल, ओळी सोडून लिहिणं, हात आखडणं असंच चालू राहिलं तर तिसरं पुस्तक विकत घेऊ नका. डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) किंवा डिसग्राफिया (लेखनातली अडचण) यांची तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या, आणि तोवर त्याला टायपिंग शिकवायला लागा.

जुनी पुस्तकं घेणार असाल तर शिक्षक-पुस्तिका बेलाशक जुनी घ्या, पण आवृत्ती विद्यार्थी-पुस्तिकेशी जुळते का ते बघूनच. नाहीतर पान क्रमांक शोधण्यातच सकाळ जाते. अर्धवट भरलेली वर्कबुकं मात्र घेऊ नका. आधीच्या मुलाने पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं खोडरबराने पूर्ण जात नाहीत, आणि मुलांना ती बरोबर वाचता येतात.